जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घेताना

रायफल हातात आली की आधी लिव्हर, म्हणजे ट्रिगरभोवतीची गोळी भरायची दांडी, उघडा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची गोळी बसायची जागा) रिकामं आहे ना ते डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. नळीखालचं ट्यूब मॅगझिन, म्हणजे गोळ्या साठवायची नळकांडीही तपासा. मग बाकीचं.

पहिली खरेदी विंचेस्टर ९४ची करा. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, भरपूर बनलेली, त्यामुळे तुलना करायला नमुने मिळतात. १९६४ साली खर्च वाचवायला कंपनीने घडणावळ बदलली, काही भाग पत्र्यातून ठोकून काढले. म्हणून संग्राहक त्याआधीच्या मागे असतात. सिरियल नंबर रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्रणा बसवलेल्या मधल्या धातूच्या भागाच्या, खालच्या बाजूला असतो, त्यावरून साल काढा.

चकचकीत दिसली की मी आता सावध होतो. माझी पहिली रायफल आरशासारखी होती आणि मी भाळलो. घरी भिंग लावलं तर नळीवरच्या अक्षरांच्या कडा झिजलेल्या, रिसीव्हरचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल. कुणीतरी घासून नवं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, चढवलं होतं! मूळ, विटलेला तपकिरी रंग याहून कितीतरी मोलाचा. स्क्रूच्या खाचाही बघा. कुरतडलेल्या असतील तर आत कुणीतरी हात घातलाय.

नळीत उजेड टाकून आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, पाहा. दस्ता पॉलिश पेपरने घासू नका, कृपा करून.

सॅव्हेज ९९ दिसली तर थांबा. तिचं मॅगझिन फिरतं, आणि जुन्या रायफलींत डावीकडच्या छोट्या खिडकीत उरलेल्या गोळ्यांचा आकडा दिसतो. मला तीच सर्वांत लाडकी.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८पर्यंत बनलेली बंदूक अँटिक धरतात; राज्याचे नियम वेगळे असू शकतात, तेही वाचा.