छोट्या शाळेचा निकाल कसा वाचावा

मुळशी, भोर किंवा राजगड तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा निकाल हाती आला, की टक्केवारीच्या आधी पट पाहावा. तिसरीत पाचच मुले असतील, तर परीक्षेच्या दिवशी एका मुलाला ताप आला एवढ्यानेच निकाल वीस टक्क्यांनी खाली येतो, आणि मग शेजारच्या गावाची शाळा उगीचच वरचढ ठरते. म्हणून निदान तीन वर्षांचे निकाल एकत्र मांडावेत आणि गेल्या वर्षी दुसरीत असलेली मुले यंदा तिसरीत कोठवर आली, हे त्याच मुलांच्या नावांपुढे पाहावे. वीटभट्टीच्या हंगामात आईवडिलांबरोबर बाहेर गेलेली मुले कोणती, याची नोंद हजेरीपटावरून वेगळी करावी.

यानंतर स्वतः मुलांजवळ बसावे. कागदापेक्षा माझा भरवसा यावर अधिक आहे. दुसरीच्या पातळीचा, पण पाठ्यपुस्तकाबाहेरचा उतारा द्यावा, कारण पुस्तकातला धडा पुष्कळदा पाठ असतो आणि मूल अक्षरांकडे न पाहताच तो म्हणून दाखवते. मग ५२ वजा २७ हे गणित तोंडी सांगून लिहायला लावावे. सत्तावीसचे ७२ लिहिणाऱ्या मुलाला वजाबाकीची नव्हे, तर मराठी संख्यानामांची अडचण आहे, कारण आपण एकक आधी उच्चारतो. उत्तर ३५ काढणाऱ्याला मात्र हातच्याची. दोघांनाही शून्य गुण मिळतात, पण शिकवणी वेगवेगळी लागते.

‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षणही मुलांना एकेकटे बसवून वाचायला लावते, परंतु ते घरोघरी जाऊन केले जात असल्याने त्याच्या आकड्यांवरून एखाद्या शाळेला दोष देऊ नये.

शिक्षकांविषयी बोलण्यापूर्वी त्यांची संख्या पाहावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्राथमिक शाळेत साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक असतात. म्हणजे पाच इयत्ता असल्या तर एकेका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-तीन वर्ग, आणि त्यांतला एक बैठकीला गेला की सगळीच शाळा दुसऱ्याच्या गळ्यात.

ही टिपणे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवावीत. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. त्यामुळे ‘गुणवत्ता वाढवावी’ असा मोघम ठराव न करता, कोणत्या मुलांना वाचनासाठी आणि कोणत्यांना हातच्यासाठी रोज किती वेळ द्यायचा, हे आराखड्यात लिहून घ्यावे.