ट्रेल दडवायची की रेज करायची?

दर शनिवारी रात्री प्रतापनगरात आमच्या गच्चीवर होल्डेमचा, म्हणजे पोकरच्या एका प्रकाराचा, डाव बसतो. मी, आमचे हे, धाकटे दीर, जाऊबाई आणि शेजारचे काका. पैसे लावत नाही. चिप्स प्लास्टिकच्या आहेत, आणि ज्याच्या चिप्स आधी संपतील त्याने रविवारी सकाळी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे. दिवसभर मी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, म्हणून हातात मोठं पान आल्यावर काय करायचं हे सगळे मलाच विचारतात. इथे तेच नीट लिहून काढते.

आम्ही सगळे तीन पत्तीतून आलेलो, आणि चूक तिथूनच सुरू होते. तीन पत्तीत एकूण २२,१०० हात बनतात, त्यांत ट्रेल, म्हणजे तीन एकसारखी पानं, फक्त ५२, म्हणजे ४२५ डावांत एखादी. ती आली की माणूस चेहरा पाडतो, हळूहळू चाल देत बाकीच्यांना आत ओढतो. तिथे हे बरोबर आहे, कारण वाटलेली पानं बदलत नाहीत. आपली ट्रेल शो होईपर्यंत ट्रेलच राहते आणि समोरच्याची जोडी जोडीच राहते. होल्डेममध्ये हातात दोनच पानं असतात. मध्ये फ्लॉपची तीन पानं उघडली तरी टर्न आणि रिव्हर, म्हणजे चौथं आणि पाचवं पान, बाकी असतात, आणि मधली पानं सगळ्यांची असतात. तुम्ही ट्रेल दडवून बसता तेव्हा समोरच्याचा हात फुकटात वाढत असतो.

गेल्या उन्हाळ्यातला एक डाव मला पानापानाने आठवतो. कूलर फुल स्पीडवर होता, वाऱ्याने पत्ते उडू नयेत म्हणून प्रत्येकाने आपल्या दोन पानांवर चिप ठेवलेली. माझ्याकडे इस्पिक अठ्ठी आणि चौकट अठ्ठी. फ्लॉप आला बदाम गुलाम, किलवर नव्वी, बदाम अठ्ठी. तीन अठ्ठ्या! पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १२० चिप्स होत्या, आम्ही चौघं डावात होतो. मी चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली. दीर चेक, जाऊबाई चेक, काका चेक. टर्नला बदाम सत्ती पडली. आता मी बेट केली, म्हणजे चिप्स लावल्या, तर काकांनी लगेच रेज केलं, त्याहून जास्त लावल्या. मी तेवढ्या चिप्स भरून कॉल करत गेले. रिव्हरला चौकट दुर्री आली, आणि काकांनी बदाम राजा आणि बदाम चौकी उघडी केली. फ्लश, म्हणजे पाचही बदाम. होल्डेममध्ये हा हात तीन अठ्ठ्यांच्या वर.

काका म्हणाले, "वहिनी, तीन अठ्ठ्या असून फ्लॉपवर चेक काऊन केलं? मला तर फुकटात पान भेटलं नं!"

त्या रात्री झोपायच्या आधी मी वहीत हिशेब मांडला. तोच हिशेब फ्लॉप पडल्यावर मनात करायला शिकायचं. स्वतःला विचारायचं: पुढचं कोणतं पान पडलं तर मला धास्ती वाटेल? माझी दोन आणि फ्लॉपची तीन सोडली तर न दिसलेली पानं ४७. त्यांत बदाम ११. पण बदाम नव्वी आली तर माझं फुल हाउस होतं, म्हणजे तीन अठ्ठ्या आणि नव्वीची जोडी, फ्लशच्याही वर, म्हणून धास्तीचे बदाम १०. शिवाय गुलाम-नव्वी-अठ्ठीला लागून सिक्वेन्स (ओळीने पाच पानं, होल्डेममध्ये तोही तीन अठ्ठ्यांच्या वर) बनवणारी राणी, दश्शी आणि सत्ती, बदाम सोडून प्रत्येकी तीन, म्हणजे ९. एकूण १९. ४७ पैकी १९ पानं मला नको होती, साधारण चाळीस टक्के. अशा फ्लॉपवर तीन जणांसमोर चेक करायला जागाच नव्हती.

रेज केल्याने सगळे पळतात ही भीती मोठी असते. काका पळाले नसते, हे मीही मान्य करते. पण त्यांना भाव पडला असता. मी १२० च्या पॉटमध्ये ८० लावले असते, तर २०० मिळवायला काकांना ८० टाकावे लागले असते. एवढा भाव परवडायला २८० मध्ये ८०, म्हणजे जवळपास २९ टक्के संधी हवी. पुढच्याच पानावर फ्लश लागण्याची त्यांची संधी ४७ मध्ये ९, म्हणजे १९ टक्के. इतवारीच्या बाजारात कोणी २९ चा माल १९ ला मागितला तर दुकानदार देत नाही. मी मात्र फुकट दिला.

दुसरा हिशेब पॉटच्या वाढीचा, आणि तो फार कमी लोक करतात. पॉट १०० आहे, तुम्ही प्रत्येक वेळी अर्धा पॉट लावता आणि एक जण कॉल करतो. फ्लॉपनंतर २००, टर्ननंतर ४००, रिव्हरनंतर ८००. फ्लॉपवर चेक केलंत तर रिव्हरनंतर पॉट फक्त ४००. एक चेक, पॉट निम्मा. म्हणून समोर भरपूर चिप्स असतील तर पैसा पहिल्या फेरीपासून आत जायला हवा. पॉटएवढ्याच चिप्स उरल्या असतील तर घाई नसते, एका बेटमध्येही सगळं आत जातं.

फ्लॉपच्या आधी दोन एक्के आले तर विचारच करायचा नाही, रेज. एकट्यासमोर एक्क्यांची जोडी शंभरात ८५ वेळा टिकते. चार जण बिनधास्त आत आले तर तीच जेमतेम ५६ वर येते. जाऊबाई पूर्वी इथे नुसतं कॉल करायच्या, आता करत नाहीत.

मग दडवायचं कधी? फ्लॉप कोरडा असेल तेव्हा. समजा किलवर राजा, चौकट सत्ती, इस्पिक दुर्री. तीन वेगळे रंग, पानं एकमेकांपासून लांब. यावर धास्तीचं पान जवळपास नाहीच. पण इथेही एक बारकावा आहे. तुमच्याकडे सत्तीची जोडी असेल तर समोर कोणाकडे राजा असू शकतो, आणि राजावाला कॉल करणारच. त्याच्याकडून लगेच घ्यायला सुरुवात करा. तुमच्याकडे दोन राजे असतील तर उरला एकच राजा. कॉल करायला समोरच्याकडे काही नसतंच. तेव्हा चेक करा, त्याला एखादं पान लागू द्या.

१९८८ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचा शेवटचा डाव लोक दडवण्याच्या बाजूने नेहमी सांगतात. जॉनी चॅनकडे गुलाम-नव्वी, फ्लॉपवर राणी-दश्शी-अठ्ठी, म्हणजे बांधलेला सिक्वेन्स. तो शांत राहिला आणि शेवटी राणीची जोडी धरून बसलेल्या एरिक सायडेलने स्वतःच सगळ्या चिप्स आत सरकवल्या. पण बघा, डावात दोघंच होते, चॅनच्या वर हात नव्हता आणि समोरच्याला जोडी लागलेली होती. चौघांच्या पॉटमध्ये तीन अठ्ठ्या घेऊन चॅन होता येत नाही.

माणूसही बघायचा. आमचे दीर समोरच्याने चेक केलं की हात आवरू शकत नाहीत, स्वतःच बेट टाकतात. त्यांच्यासमोर कोरड्या फ्लॉपवर मी मुद्दाम चेक करते. जाऊबाई सहसा पानं टाकून फोल्ड करत नाहीत. त्यांच्यासमोर दडवणं म्हणजे मिळणारं घालवणं, तिथे दरवेळी बेट, आणि मोठी. काका गप्प राहून हिशेबाने खेळतात. ते अचानक रेज करतात तेव्हा मी पहिल्यांदा फ्लॉपकडे बघते, माझ्या पानांकडे नंतर.

फ्लॉपवर चेक करून झालं आणि टर्नला नको तेच पान पडलं, तर हट्ट सोडायचा. आधी दडवलं म्हणून आता वसूल करायचं, या विचारानेच त्या रात्री मी रिव्हरपर्यंत गेले होते. काकांच्या रेजला एक कॉल ठीक होता, कारण मधल्या उघड्या पानांपैकी एकाची जोडी लागली असती तर माझं फुल हाउस किंवा चार अठ्ठ्या झाल्या असत्या, आणि अशी पानं दहा होती. दुर्री पडल्यावर दुसरा कॉल करायचं काही कारण नव्हतं.

सवयीसाठी मी जाऊबाईंना एक काम दिलंय. दुपारी भाजी निवडताना शेजारी गड्डी ठेवायची, स्वतःला दोन पानं घ्यायची, फ्लॉप पाडायचा आणि धास्तीची पानं मोजायची. पहिल्या आठवड्यात त्यांना दर फ्लॉपला दोन मिनिटं लागायची. परवा मेथी निवडता निवडता त्यांनी दुसऱ्या खोलीतून सांगितलं, "सोळा आहेत, रेज!" मी जाऊन मोजली. सोळाच होती.