जोतिबाच्या पायऱ्या आणि घरचं पिलाटेस

जोतिबाच्या पायऱ्या उतरताना माझे पाय लटपटायचे, कमरेत कळ यायची. दिवसभर गल्ल्यावर बैठं काम, त्यामुळं मांड्या आणि नितंब पार ढिले पडलेले. जोसेफ पिलाटेस (१८८३–१९६७) यांच्या पद्धतीचे व्यायाम घरीच सतरंजीवर सुरू केले.

खरा गुण आला ब्रिजचा. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, दोन पावलांत कमरेच्या रुंदीइतकं अंतर ठेवायचं. श्वास सोडत आधी माकडहाड, मग एकेक मणका उचलायचा. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेष आली की थांबा. त्याहून वर गेलात तर भार कमरेवर येतो. मांडीच्या मागं गोळा येत असेल तर टाचा जरा नितंबांजवळ घ्या. सावकाश १० वेळा पुरे, घाई नकोच.

दुसरा क्लॅम. कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, टाचा जुळवून वरचा गुडघा उघडायचा, पण कंबर मागं कलंडू द्यायची नाही. यात काम करणारा नितंबाच्या बाजूचा स्नायू एका पायावर भार आला की कंबर तोलून धरतो. पायरी उतरताना नेमकं तेच लागतं! आता कठड्याला हात न लावता उतरते.

गुडघ्याला सूज असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.