कोळ्याच्या कातीवर स्पर्शकोन मोजताना

कोळ्याच्या अंगावर पाणी ठरत नाही याचं सगळं श्रेय मेणाला देतात. स्पर्शकोन म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाला टेकते तिथे पाण्याच्या आतून मोजलेला कोन; तो जितका मोठा, तितका थेंब कमी पसरतो. गुळगुळीत मेणावर थेंबाचा स्पर्शकोन साधारण 110 अंशांपर्यंत जातो. त्यापुढचं काम केसांचं आणि केसांत अडकलेल्या हवेचं. हे घरी मोजता येतं आणि त्यासाठी कोळी मारावा लागत नाही. टाकलेली कात पुरते.

भिंतीवरच्या मोठ्या चपट्या कोळ्याची कात कपाटामागे मिळते. पोटाची कातडी आक्रसलेली असते, ती सोडा. पाठीची ढाल झाकणासारखी सुटलेली असते, ती चिमट्याने कडेला धरून उचला. बोटाचं तेल लागलेला भाग बाद समजा. धूळ हवेच्या रबरी फुग्याने उडवा. ब्रशने केस मोडतात, स्पिरिटने मेण निघतं आणि साबणाचा अंश राहिला तर पाण्याचा पृष्ठताणच पडतो. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने ढाल काचेवर बसवा, केसाळ बाजू वर. उलटी बसली तर आकडा आतल्या अस्तराचा येतो, आणि ते सहज लक्षात येत नाही.

पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घ्या. 100 युनिटच्या इन्सुलिन सिरिंजमध्ये अर्धा युनिट म्हणजे 5 मायक्रोलिटर. 40 युनिटच्या सिरिंजचा एक युनिट 25 मायक्रोलिटर भरतो. एवढा थेंब स्वतःच्या वजनाने चपटतो आणि कोन कमी येतो.

आधी अळवाच्या पानावर हात बसवा. तिथे कोन 150 च्या वर आला नाही, तर चूक तुमच्या मोजणीत आहे.

ढालीच्या सर्वांत सपाट जागी थेंब ठेवा. मोबाइल थेंबाच्या पातळीत, मागे पांढरा कागद, त्यामागे दिवा. फोटो अर्ध्या मिनिटात काढा, कारण पाणी उडतं तसा थेंब बसतो. फोटोत थेंबाची उंची आणि बुडाची, म्हणजे जिथे तो टेकतो तिथली रुंदी मोजा.

टॅन(कोन ÷ 2) = 2 × उंची ÷ बुडाची रुंदी

उंची 2 मिमी, बूड 1.05 मिमी, तर कोन सुमारे 150 अंश.

मग काच तिरकी करा. कोन मोठा असूनही थेंब चिकटून राहिला, तर पाणी केसांच्या मधे उतरलंय. शेवटी कातीचा पाय काचेच्या ग्लासात बुडवून बाजूने पाहा. रुपेरी चमकतं ते हवेचं अस्तर. जिथे चमक नाही तिथले केस झिजलेले असू शकतात. तिथले आकडे सरासरीत मिसळू नका, वेगळे लिहा.