फोनमध्ये वायफाय कॉलिंगचे बटणच दिसत नाही? आधी दोष कुणाचा ते ठरवा

पारोळा-अमळनेर भागातल्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांच्या भिंती हात-दीड हात जाड मातीच्या असतात. वैशाखातही अशा घरात जीव गार राहतो, पण मोबाइलची रेंज उंबऱ्याबाहेरच थांबते. नव्या स्लॅबच्या घरातली आतली खोली किंवा मळ्यातली पत्र्याची खोली यांची तऱ्हा फारशी वेगळी नसते. घरात फायबरचे ब्रॉडबँड आलेले असते, टीव्हीवर सामना न अडखळता चालू असतो, आणि तरीही फोन वाजला की घरचा कर्ता माणूस जिना चढून धाब्यावर धावतो, तिथेही पलीकडून ऐकू येते, "आप्पा, तुमना आवाज कटी राहिना."

अशा घरासाठी वायफाय कॉलिंग ही सोय आहे. फोन घरच्या वायफायवरून आपल्या मोबाइल कंपनीच्या यंत्रणेपर्यंत एक कुलूपबंद वाट तयार करतो आणि नेहमीचाच कॉल त्या वाटेने जातो. समोरच्याला आपला नेहमीचा नंबर दिसतो, त्याच्याकडे इंटरनेट नसले तरी अडत नाही, आणि देशातल्या देशात बोलण्याचा हिशोब नेहमीच्या प्लॅनमध्येच धरला जातो. मिनिटाला साधारण एक एमबीच्या आत डेटा लागतो, म्हणजे ब्रॉडबँडच्या दृष्टीने काहीच नाही. व्हॉट्सअ‍ॅप कॉलशी याचा काही संबंध नाही. हे मी प्रत्येक घरात सांगतो आणि प्रत्येक घरात कुणीतरी मला व्हॉट्सअ‍ॅप उघडूनच दाखवतो.

गेली काही वर्षे नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे आणि शाळेतल्या सहकाऱ्यांचे फोन ही सोय सुरू करण्यासाठी माझ्या हातात येत आले आहेत. त्यातले बहुतेक काम पाच मिनिटांचे असते. जे पाच मिनिटांत होत नाही, त्यासाठी लोक चार दिवस वाया घालवतात, कारण त्यांना मिळालेला सल्ला चुकीचा असतो. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

सोपा भाग

प्रथम मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये व्होल्टी किंवा फोरजी कॉलिंग चालू आहे याची खात्री करावी, कारण बऱ्याच फोनमध्ये ते बंद असेल तर वायफाय कॉलिंग उभेच राहत नाही.

त्यानंतर बटण शोधावे. आयफोनमध्ये ते मोबाइल सेवेच्या पानावर वाय-फाय कॉलिंग या नावाने असते. सॅमसंगमध्ये कनेक्शन्समध्ये, पिक्सेल आणि साध्या अँड्रॉइडमध्ये नेटवर्क व इंटरनेटखालील सिमच्या पानावर, आणि शाओमीमध्ये सिम कार्ड व मोबाइल नेटवर्कमध्ये त्या त्या सिमच्या आत 'वाय-फाय वापरून कॉल करा' अशा शब्दांत ते मिळते. मेनूत भटकत बसण्यापेक्षा सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत वाय-फाय कॉलिंग असे लिहावे. दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही सिमची बटणे वेगवेगळी असतात, हे विसरू नये.

बटण सापडले आणि चालू झाले, तर पुढचा मोठा भाग सोडून थेट चाचणीकडे जावे.

बटणच नसेल तर

इथे लोक वैतागतात, आणि एके काळी मीही वैतागलो होतो. शेजारच्या घरात तोच फोन, तीच कंपनी, त्यांच्याकडे बटण आहे आणि आपल्याकडे नाही, असे दिसले की फोन आपटावासा वाटतो. पण हे बटण दिवाणखान्यातल्या दिव्याच्या बटणासारखे कायमचे बसवलेले नसते, हे समजून घ्यावे लागते. तीन गोष्टी जुळल्या तरच फोन ते दाखवतो: फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये वायफाय कॉलिंगची क्षमता असावी लागते, त्या सॉफ्टवेअरमध्ये नेमक्या आपल्या मोबाइल कंपनीची माहिती, म्हणजे कॅरिअर प्रोफाइल, भरलेली असावी लागते, आणि आपल्या क्रमांकावर कंपनीने ही सेवा सुरू केलेली असावी लागते. यातले एक जरी चुकले तरी बरेचसे फोन तक्रार करत नाहीत, बटण गुपचूप लपवून टाकतात. त्यामुळे दोष फोनचा आहे की सिमचा, हे नुसते बघून कळत नाही आणि प्रत्येक जण आपल्याला वाटेल तो सल्ला देतो.

माझी चूक नेमकी सांगतो, कारण तीच चूक मी नंतर अनेकांना करताना पाहिली आहे. भारतात एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आणली. त्याच वर्षी टाळेबंदीत घरात बसून शाळेचे सगळे काम फोनवर आले आणि मला तिची निकड भासली. माझ्या फोनमध्ये बटण नव्हते. मी मुलाचे सिम माझ्या फोनमध्ये घालून पाहिले, तर बटण लगेच आले. मी निष्कर्ष काढला की फोन निर्दोष आहे आणि माझे सिम खराब आहे. मग एका दुकानातून सिम बदलून आणले. उपयोग झाला नाही म्हणून पुन्हा बदलले. दुकानदाराच्या सांगण्यावरून फोन पूर्ण पुसून नव्यासारखा केला, त्यात आईचे दोन वर्षांचे फोटो गेले. बटण तरीही आले नाही. मुलाचे सिम दुसऱ्या कंपनीचे होते, ही साधी गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. माझ्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या कंपनीचे प्रोफाइल होते, माझ्या कंपनीचे नव्हते. ते ज्या अपडेटमध्ये येणार होते, ते अपडेट फोनमध्ये जागा नाही म्हणून कित्येक आठवडे अडकून पडले होते. गुड मॉर्निंगची फुले पुसली, अपडेट उतरले, फोन पुन्हा सुरू झाला आणि बटण जागेवर होते.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की कोणताही उपाय करण्यापूर्वी सिमची अदलाबदल करून पाहावी, आणि ती त्याच कंपनीच्या सिमशी करावी. ज्याच्या घरी वायफाय कॉलिंग प्रत्यक्ष चालते आणि ज्याचे सिम आपल्याच कंपनीचे आहे, असा माणूस शोधावा; गल्लीत एक तरी सापडतो. आपले सिम त्याच्या फोनमध्ये आणि त्याचे आपल्या फोनमध्ये घालावे, दोन्ही फोन बंद करून सुरू करावेत आणि पाच मिनिटे थांबावे. ही पाच मिनिटे महत्त्वाची आहेत, कारण सिम घातल्यावर कंपनीची माहिती फोनमध्ये लागू व्हायला वेळ लागतो आणि लोक अर्ध्या मिनिटात 'नाही आले' म्हणून सिम काढतात.

आपले सिम त्याच्या फोनमध्ये गेल्यावर तिथे बटण राहिले, पण त्याचे सिम आपल्या फोनमध्ये येऊनही बटण आले नाही, तर दोष आपल्या फोनचा आहे; सिमच्या दुकानाची पायरी चढू नये. उलट आपल्या सिमने त्याच्या फोनमधलेही बटण नाहीसे झाले आणि त्याच्या सिमने आपल्या फोनमध्ये ते आणले, तर दोष क्रमांकाकडे आहे. फोनला हात लावू नये. दोन्हीकडे बटण दिसले, तर अडचण आपल्या सिमच्या खाचेत किंवा अर्धवट लागू झालेल्या माहितीत होती आणि बहुधा अदलाबदलीनेच ती सुटलेली असते.

दोष फोनचा निघाला, तर सॉफ्टवेअर अपडेट करावे, एक झाल्यावर दुसरे आहे का तेही पाहावे. आयफोनमध्ये सामान्य विभागातल्या 'विषयी' या पानावर मिनिटभर थांबले की कंपनीच्या सेटिंगचे अपडेट असल्यास तशी चौकट वर येते. अपडेट संपूनही बटण नसेल, तर अँड्रॉइड फोनचे खोके काढून त्यावर भारतातली कमाल किरकोळ किंमत छापलेली आहे का ते बघावे. आपल्याकडे आखातात नोकरीला गेलेल्या भाच्या-पुतण्यांनी आणलेले फोन बरेच आहेत. त्या देशांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय कंपन्यांचे प्रोफाइल नसण्याची शक्यता मोठी असते आणि त्याला घरगुती इलाज नाही. भारतातच घेतलेला, पण आता अपडेट येणे बंद झालेला जुना फोन असेल, तरी तेच. अशा वेळी आप्तांना वाईट वाटेल म्हणून महिनाभर प्रयोग करत बसण्यापेक्षा, घरातल्या ज्या फोनमध्ये ही सोय आहे त्यात ते सिम घालावे.

दोष क्रमांकाचा निघाला, तर कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर फोन करावा आणि 'नेटवर्क येत नाही' असे चुकूनही म्हणू नये, कारण मग समोरची व्यक्ती टॉवरची तक्रार नोंदवते आणि चार दिवसांनी 'आपल्या भागात नेटवर्क समाधानकारक आहे' असा संदेश येतो. नेमके विचारावे: माझ्या क्रमांकावर व्हीओवायफाय (वायफाय कॉलिंगचेच तांत्रिक नाव) सेवा सुरू आहे का, नसल्यास ती सुरू करा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. सिम बदलणे हा शेवटचा उपाय आहे. आता सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवले जातात, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सिम बदलल्यावर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. कापसाचे पैसे खात्यात यायच्या दिवशी हा उद्योग करू नये.

व्हिडिओंमधले फुल्या आणि हॅशचे गुप्त कोड दाबू नयेत, असे मी सांगतो आणि लोक ते दाबतातच. काही फोनमध्ये अशा कोडने कंपनीची तपासणी बंद होऊन बटण दिसू लागते, हे खरे आहे. पण प्रोफाइल किंवा सेवा नसेल तर त्या बटणामागे काहीच नसते. 'वायफाय कॉलिंग सुरू करा' असे नाव असलेली अ‍ॅप तर सरळ काढून टाकावीत. ती जाहिराती दाखवण्यापलीकडे काही करत नाहीत. नेटवर्क रीसेट केल्याने सगळी वायफायची पासवर्डे आणि ब्लूटूथच्या जोडण्या जातात, म्हणून तेही अपडेटनंतरच करावे. आणि फोन पूर्ण पुसणे या कामासाठी कधीही करू नये. ते मी करून पाहिले आहे.

बटण आहे, पण वायफायवर कॉल जात नाही

आता संशयित उरतो तो राउटर. आधी फोनमधले व्हीपीएन आणि जाहिराती अडवणारे खासगी डीएनएस बंद करावे. मग घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करून आपला फोन त्याला जोडावा. तिथे वायफाय कॉलिंग चालले, तर राउटर किंवा ब्रॉडबँडची जोडणी दोषी आहे, हे सिद्ध झाले. वर सांगितलेली कुलूपबंद वाट यूडीपी प्रकारच्या ५०० आणि ४५०० या पोर्टवरून, म्हणजे इंटरनेटच्या क्रमांक दिलेल्या दारांतून, जाते. राउटरची फायरवॉल ती अडवत असेल तर कॉल उभा राहत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये आयपीसेक पासथ्रू किंवा व्हीपीएन पासथ्रू नावाचा पर्याय असल्यास तो चालू करावा आणि राउटर बंद करून सुरू करावा. राउटरचा पासवर्ड केबलवाल्याकडेच असेल, तर त्याला फोन करून 'पोर्ट ५०० आणि ४५०० मोकळे करा' एवढेच सांगावे. 'नेट स्लो आहे' म्हटले तर तो तारच बदलून जाईल.

चाचणी

विमान मोड लावावा, वायफाय पुन्हा चालू करावे आणि मिनिटभर थांबून घरच्याच एखाद्या नंबरवर साधा फोन लावावा. लागला, तर काम झाले. या चाचणीत मोबाइलचे नेटवर्क पूर्ण बंद असल्याने कसली शंका उरत नाही. नुसते वरच्या पट्टीतले चिन्ह पाहून समाधान मानू नये. त्याच स्थितीत बँकेचा एक ओटीपीही मागवून पाहावा, कारण एसएमएस वायफायवरून येणे हे कंपनीच्या व्यवस्थेवर अवलंबून असते आणि कॉल चालले म्हणून संदेशही येतीलच असे धरून चालता येत नाही.

विमान मोड काढल्यावर, अँड्रॉइडमध्ये वायफाय कॉलिंगच्या सेटिंगमध्ये प्राधान्याचा (आधी वायफाय की मोबाइल नेटवर्क) पर्याय असल्यास तो वायफायकडे ठेवावा. तो मोबाइल नेटवर्ककडे राहिला, तर भिंतीतून झिरपणाऱ्या एका काडीच्या रेंजलाच फोन चिकटून बसतो, वायफायकडे वळत नाही आणि आवाज पूर्वीसारखाच कटत राहतो. 'सगळे चालू केले तरी फरक नाही' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचे काम मी एवढ्या एका बदलाने केले आहे.

बोलत बोलत घराबाहेर पडल्यास कॉल न तुटता फोरजीवर जाऊ शकतो, पण त्यासाठी बाहेर फोरजीची बरी रेंज असावी लागते. सातपुड्याच्या बाजूला, धडगाव-तोरणमाळकडच्या काही पाड्यांवर अंगण ओलांडताच कॉल तुटतो, तो बिघाड समजू नये. वायफायवरून ११२ ला फोन लावावा लागला, तर आपण कुठे आहोत ते गाव-पाड्याच्या नावासह तोंडाने सांगावे. वायफायवरून आलेल्या कॉलचे ठिकाण समोरच्याला बरोबर दिसेलच असे नाही.

शेवटची गोष्ट भारनियमनाची. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि त्याबरोबर चाललेला कॉलही जातो. इन्व्हर्टरची तार राउटरपर्यंत ओढलेली नसेल, तर राउटरसाठी मिळणारा लहान १२ व्होल्टचा यूपीएस घ्यावा, मात्र घेण्यापूर्वी राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्टच लिहिले आहे याची खात्री करावी. फायबरची तार भिंतीवरच्या वेगळ्या डबीत येत असेल, तर त्या डबीलाही वीज लागते. नुसता राउटर चालू ठेवून दिवे लुकलुकतात, फोन मात्र लागत नाही.