डायनामो मोठा, पट्टा तोच: बोटीच्या इंजिनावर या चुका टाळा

ऑगस्टची पहिली फेरी मारून बोटी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला लागल्या की आठवडाभरात ठरलेला फोन येतो. "मिस्त्री, बंदीत डायनामो नवा टाकला, शंभर ॲम्पिअरचा. तरी पहाटे सेल्फ घेत नाही." मी विचारतो, इंजिनावरून डायनामो फिरवणारा पट्टा कुठला? पलीकडे जरा शांतता. मग, "पट्टा काय, होता तोच."

जून-जुलैची ६१ दिवसांची मासेमारी बंदी हा आमच्याकडे इंजिनाच्या कामांचा मोसम. बोटीवर दरवर्षी काहीतरी वाढलेलं असतं: फिशफाइंडर, वायरलेस, डेकवरचे दिवे, मोबाईलसाठी इन्व्हर्टर. (मासे ओढायच्या एलईडीला बंदी आहे, त्याबद्दल मी बोलतच नाही.) बोटीत बसवलेल्या ट्रकच्या इंजिनाबरोबर आलेला २४ व्होल्टचा ३५-४५ ॲम्पिअरचा डायनामो पुरेनासा होतो. मोठा बसवायचा हा निर्णय बरोबरच. चुका त्यानंतर होतात.

पहिली चूक हिशोबाची. ४५ ॲम्पिअर गुणिले २८ व्होल्ट, म्हणजे साधारण साडेबाराशे वॅट. डायनामोला मिळालेल्या ताकदीतली चाळीस-पंचेचाळीस टक्के उष्णतेत जाते, त्यामुळे पट्ट्याला ओढावे लागतात जवळपास ३ हॉर्सपॉवर. शंभरचा डायनामो पूर्ण भरात असेल तर २८०० वॅट, म्हणजे पट्ट्यावर साडेसहा हॉर्सपॉवर. १३ मिलिमीटरचा ए साइजचा एकटा पट्टा छोट्या पुलीवर दोन-तीन हॉर्सपॉवर सुखाने ओढतो. दुप्पट लादलं की तो घसरतो, घसरला की तापतो, तापला की कडा काचेसारख्या चकचकीत होतात, आणि मग आणखी घसरतो. इंजिनाच्या पुढच्या बाजूला काळी भुकटी दिसते ती त्याचीच. लोक म्हणतात, हल्ली पट्टे टिकत नाहीत. पट्ट्याचा काय दोष?

उपाय दोन. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीला रिकामी दुसरी खाच असेल तर दोन खाचांची पुली डायनामोवर बसवून जोडपट्टे टाका. ते एकाच मापाचे, एकाच वेळी घेतलेले असावेत. एक जुना एक नवा ठेवला तर नवा एकटाच सगळा भार ओढतो. नाहीतर पुल्या बदलून आठ रिबांच्या चपट्या पट्ट्यावर जा. खर्च जास्त, पण मोठ्या डायनामोला तोच शोभतो. मात्र तो वाकडेपणा अजिबात खपवून घेत नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका बोटीवर मोठा डायनामो बसवला आणि पट्टा जुनाच ठेवला. इंजिन चालू केलं की पट्टा किंचाळायचा. मी पहारीने डायनामो मागे रेटून पट्टा ताणला, इतका की टिचकी मारली तर तार वाजल्यासारखा आवाज यायचा. किंचाळणं थांबलं, मीही खूश. पण तोच पट्टा वॉटर पंपही फिरवत होता. तिसऱ्या फेरीला वीस वाव खोल पाण्यात जाळं खाली असताना पंपाचं बेअरिंग बसलं. काटा लालवर गेला, तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) इंजिन बंद केलं आणि शेजारच्या बोटीने दोर टाकून त्यांना बंदरात आणलं. डायनामो ठणठणीत होता. त्या फेरीच्या डिझेलचा हिशोब तांडेलाने मला अजूनही विसरू दिलेला नाही.

साध्या पट्ट्याचा ताण अंगठ्याने बघायचा. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागावर मध्ये दाबा. फूटभर अंतर असेल तर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. नवा पट्टा पहिल्या तासा-दोन तासांत सैल पडतोच. म्हणून गोदीत बांधल्या जागी तासभर इंजिन चालवा, बंद करा, पुन्हा ताणा. मग पहिल्या फेरीनंतर एकदा. एवढं करूनही घसरत असेल तर भार जास्त आहे किंवा पुलीची खाच झिजली आहे. पट्टा खाचेच्या दोन बाजूंवर पकड धरतो, तळाशी नव्हे. खाचेचा तळ चकाकताना दिसला की ती पुली भंगारात. पट्ट्यावर साबण, डांबर, बाजारातला चिकट स्प्रे, यातलं काहीही लावू नका.

सरळ रेषेचं काम बहुतेकजण डोळ्याने करतात. स्टीलची पट्टी दोन्ही पुल्यांच्या तोंडावर टेकवली तरी फसायला होतं, कारण नव्या-जुन्या पुलीच्या कडांची जाडी वेगळी असते. मी तंगूस (नायलॉनची बारीक दोरी) वापरतो. क्रँकच्या खाचेच्या मधोमध तंगूस ताणून धरायची आणि डायनामोच्या खाचेत ती मध्यावर येते का ते पाहायचं. फरक असेल तर डायनामोच्या पायाखाली वॉशर घालून दूर करायचा. पट्टा एकाच कडेने उसवतोय किंवा खाचेत उलटा होतोय, तर नव्वद टक्के वेळा हाच आजार. ब्रॅकेटही तपासा. नवा डायनामो जुन्यापेक्षा बराच जड असतो आणि डिझेलचा हादरा चोवीस तास. पातळ पत्र्याची जुनी ब्रॅकेट महिन्या-दोन महिन्यांत वेल्डिंगपाशी तडकते, आणि तडा रंगाखाली दिसत नाही.

पुढची गंमत फिरण्याच्या वेगाची. डायनामोच्या अंगावर लिहिलेले १०० ॲम्पिअर साधारण ६००० आरपीएमवरचे (मिनिटाला ६००० फेऱ्यांवरचे) असतात. आपलं इंजिन बोटीत १५०० वर चालतं. क्रँकची पुली १८० मिलिमीटर आणि डायनामोची ७५ असेल तर डायनामो फिरतो ३६०० ने. जाळं ओढताना इंजिन ६०० वर उतरलं की डायनामो १४४० वर येतो, आणि नेमके तेव्हाच डेकचे सगळे दिवे चालू. मग शंभरातले वीस-तीस मिळाले तरी नशीब. यावर लोक डायनामोला लहान पुली लावतात. वेग वाढतो खरा, पण लहान पुलीला पट्ट्याचा विळखा कमी आणि वाकवण जास्त, म्हणजे पुन्हा घसरण. डायनामोची पुली उगाच लहान करण्यापेक्षा क्रँकची मोठी करता आली तर बघा, आणि विकत घेताना दुकानदाराला १५०० आणि ३००० आरपीएमचे ॲम्पिअर विचारा. तोंडी उत्तर नको, कंपनीचा आलेख दाखवायला सांगा.

वायर. जुनी १० स्क्वेअर मिलिमीटरची वायर, बॅटरी केबिनखाली चार मीटरवर, जाऊन-येऊन आठ मीटर तांबं. शंभर ॲम्पिअर गेले की वाटेतच १.४ व्होल्ट गळतात. डायनामोला वाटतं २८.४ दिले, बॅटरीला मिळतात २७, आणि ती कधीच पूर्ण भरत नाही. ५० स्क्वेअरची वायर टाका, गळती पाव व्होल्टावर येते. अर्थिंगसाठी इंजिनाच्या रंगवलेल्या ब्लॉकवर विसंबू नका, डायनामोच्या अंगापासून वेगळी जाड वायर न्या. टोकं हातोडीने ठोकून नव्हे, प्रेसने दाबलेली हवीत. बॅटरीपाशी फ्यूज ठेवा. तपासायचं झालं तर मीटर डायनामोच्या बोल्टवर लावा, मग बॅटरीच्या बोल्टवर. दोन्हीतला फरक म्हणजे वायरने खाल्लेलं.

डायनामोवर खापर फुटतं अशा आणखी काही गोष्टी आहेत. सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे २४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून वायरलेस आणि गाणी चालवणं. ती बॅटरी कायम अर्धी राहते, दुसरी उकळते, आणि वर्षात दोन्ही जातात. त्यासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो. दुसरी, चालू इंजिनवर मेन स्विच पाडणं: व्होल्टेज उसळतं आणि डायनामोतले डायोड जातात. तिसरी बंदीतलीच: विंचच्या फ्रेमला वेल्डिंग मारताना बॅटरी आणि डायनामोच्या वायरी न सोडणं. चौथी एवढीशी, पण तिच्यापायी मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे. चार्जिंगचा दिवा उडाला की अनेक डायनामो जागेच होत नाहीत, कारण त्यांना पहिला करंट त्याच बल्बातून मिळतो. तिथे छोटा एलईडी लावला तरी तेच.

लिथियम बॅटरी घेणार असाल तर आधी बोला. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि साधा कट-आऊट (डायनामोचा रेग्युलेटर) तिला आवरत नाही. गरम इंजिनरूममध्ये डायनामो जळतो.

आणि जादा ठेवलेला पट्टा खिळ्यावर टांगू नका. घडी न घालता, तेलाच्या फडक्यापासून लांब, पिशवीत ठेवा. जोडपट्टे असतील तर जादाही दोन ठेवा. वॉटर पंपाचा पट्टा त्यांच्या मागे असेल तर तोही, कारण तो तुटला की पुढचे दोन्ही उतरवल्याशिवाय तो चढत नाही. रात्री, हलत्या बोटीत, टॉर्च दातात धरून हे करायचं असतं, त्यामुळे डायनामोच्या बोल्टला लागणारा पाना त्याच पिशवीत टाका.