आधी जमाखर्च, मग कमान: मंडळाच्या गणपतीतून कारभार शिकवताना

मी डोंबिवलीतल्या एका शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सव मंडळाची खजिनदार झाले. पुस्तकात स्थायी समिती, अर्थसंकल्प, प्रभाग समिती सगळं असतं, पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची सरकारशी पहिली खरी गाठ पडते ती मंडळात. पोलीस ठाण्यातला अर्ज, मांडवाचा परवाना, घरोघरची वर्गणी, कमानीवरचे फोटो. साहेबांचा फोन गेला की काम होतं, हे एकदा दिसलं की मुलगा पुढे प्रत्येक कामासाठी साहेब शोधतो. अर्ज दिला, पोच घेतली, अटी पाळल्या आणि परवाना मिळाला, हे दिसलं तर त्याच खिडकीवर तो हक्कानं उभा राहतो. दहा दिवसांच्या उत्सवात हे दोन्ही शिकवता येतं. दुसरं शिकवायचं असेल तर आम्ही काय करतो ते लिहिते.

पहिली सभा आषाढात घ्या आणि तिची सुरुवात मागच्या वर्षीचा जमाखर्च मोठ्यानं वाचून करा. देखाव्याचा विषय निघाला की जमाखर्चाकडे कुणी बघत नाही, म्हणून देखावा नंतर. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार ‘सर्वानुमते’ ठरवू नका. सर्वानुमते म्हणजे बहुतेक वेळा जो मोठ्यानं बोलतो त्याच्या मते. चिठ्ठ्या टाकून निवडणूक घ्या आणि मत घरटी न ठेवता माणशी ठेवा. घरटी मत ठेवलं की ते आपोआप घरातल्या पुरुषाचं होतं आणि स्वयंपाकघरातून मोदक पाठवणाऱ्या बाईला सभेत जागा उरत नाही. भाडेकरूंनाही मत द्या. आमच्याकडे त्यावर बराच वाद झाला. ज्याची वर्गणी चालते त्याचं मतही चाललं पाहिजे, एवढंच मी म्हणत राहिले.

हा मुद्दा जुनाच आहे. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात हाच प्रश्न उभा राहिला होता. उत्सव सार्वजनिक असेल तर पूजेचा अधिकार दलितांनाही हवा, असा आग्रह प्रबोधनकार ठाकरे आणि रावबहादूर सी. के. बोले यांनी धरला. मी मुलांना ही हकीकत सभेतच सांगते, कारण टिळकांची सांगायची गरज पडत नाही, ती त्यांना पाठ असते. १८९२ला पुण्यात भाऊ रंगारींचा गणपती, १८९३ला गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीतला, टिळकांनी ‘केसरी’तून दिलेली हाक, मेळ्यांतली पदं आणि त्यांच्यावर इंग्रज सरकारची नजर. सरकारला प्रश्न विचारण्यासाठी लोकांना एकत्र आणणारा हा उत्सव होता, हे त्यांना ठाऊक असतं. मात्र उत्सवाच्या आतही प्रश्न विचारले गेले, हे त्यांनी ऐकलेलं नसतं.

आता वर्गणी. सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. तुमचं मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल, तर वर्गणी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेबही द्यावा लागतो. परवानगीची प्रत पावतीपुस्तकाला टाचून ठेवा. दारात गेलेल्या मुलानं ती आपणहून दाखवावी, कुणी मागायची वाट बघू नये. वर्गणीचा आकडा ठरवून देऊ नका. देईल तेवढी घ्या, नाही म्हणाला तर नमस्कार करून पुढे जा आणि प्रसाद त्या घरीही न चुकता पोचवा. दुकानदारांकडे घोळक्यानं जाऊ नका. एक मुलगा आणि एक मुलगी पुरे. पाच-सहा जण दारात उभे राहिले की मागणी आणि दमदाटी यांतला फरक पुसला जातो. सार्वजनिक कामासाठी पैसे असेच काढायचे असतात, हे मग मुलं गृहीत धरायला लागतात.

एका मोठ्या देणगीत सगळा खर्च भागत असेल तरीही तो भागवू नका. आमच्याकडे असा प्रस्ताव आला होता. मांडव, मूर्ती, ध्वनिक्षेपक सगळं एकाच माणसाकडून, आणि त्या बदल्यात कमानीवर फक्त त्याचा फोटो. मुलांना तो आवडला, कारण दारोदार फिरण्याचे कष्ट वाचत होते. मी त्यांना विचारलं, पुढच्या वर्षी आपल्या गल्लीतलं गटार तुंबलं तर या माणसाविरुद्ध तक्रार कोण करणार? त्यावर त्यांनी पुन्हा सभा घेतली आणि ठराव केला: कुणा एकाकडून एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. ठराव त्यांचा असल्यामुळे तो टिकला. तुमच्याकडे प्रमाण वेगळं ठरेल, पण ठराव लिहून त्यावर सह्या घ्या.

परवानग्यांच्या कामाला मोठ्या माणसांनी जाऊ नये. महापालिकेचा मांडव परवाना, स्थानिक पोलीस ठाणं, वाहतूक पोलीस, अग्निशमन दल. काही शहरांत आता हे एका खिडकीवर किंवा ऑनलाइन होतं. अठरा वर्षं पूर्ण झालेली दोन-तीन मुलं निवडा, मांडवाचा नकाशा त्यांनाच काढू द्या. रुग्णवाहिका जाईल एवढी वाट सुटते का, हे त्यांनीच टेप लावून मोजावं. अर्ज अडला तर ओळखीच्या कार्यकर्त्याला फोन लावू नका. अडण्याचं कारण लेखी मागा. याला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर द्या. परवाना आला की त्यातल्या अटी मांडवात, लोकांना दिसतील अशा लावा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, हे नियम ध्वनिप्रदूषणाबाबतच्या २०००च्या नियमावलीतले. सूट कुठल्या दिवशी आहे तेही लिहा. परवान्यात काय म्हटलंय हे रहिवाशांना कळलं की ते पोलिसांना बोलावण्याआधी मंडळाला सांगतात, आणि मंडळ ऐकतं.

कमानीचं सांगते. शुभेच्छुक, आधारस्तंभ, मार्गदर्शक, भावी नगरसेवक, हे सगळे शब्द आम्ही काढून टाकले. कमानीवर फक्त मंडळाचं नाव आणि वर्ष. देणगीदारांची यादी मांडवाच्या आत, वर्णानुक्रमे, सगळ्यांची एकाच आकाराच्या अक्षरांत, रक्कम न लिहिता. पुढाऱ्यांना नाही म्हणायचं असेल तेव्हा ‘तुमचा फोटो नको’ असं म्हणू नका, त्यात अपमान होतो. ‘सभेनं ठराव केलाय, कुणाचाच फोटो लावत नाही, आपण सहकुटुंब आरतीला या’ असं म्हणा आणि ठरावाची प्रत हातात द्या. सगळ्या पक्षांच्या लोकांना आरतीला बोलवा. आरतीचं तबक मात्र त्या दिवशी ज्या घराची पाळी असेल त्याच घरातल्यांच्या हातात राहू द्या. आमच्याकडे येणारे बहुतेक जण हे मान्य करतात, रांगेतून दर्शन घेतात. एक-दोघं परत आले नाहीत. मंडळाचं काही अडलं नाही.

एक संध्याकाळ प्रभागासाठी राखा. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६मध्ये. मधली पाच वर्षं प्रशासक कारभार बघत होते आणि आमच्या मुलांना निवडून आलेला नगरसेवक म्हणजे काय, हे कळत्या वयात बघायलाच मिळालं नाही. त्यांना दिसत होते ते फक्त फलकांवरचे इच्छुक. म्हणून आम्ही महापालिकेचा अर्थसंकल्प काढून त्यातली आपल्या भागाची कामं मोठ्या तक्त्यावर लिहिली आणि मूर्तीच्या बाजूला लावली. देखाव्याइतकीच गर्दी त्यापुढे होती. आजीबाई नातवाकडून आकडे वाचून घेत होत्या. आता नगरसेवक आहेत, तर त्यांना आणि प्रभाग कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना त्या संध्याकाळी बोलवा. प्रश्न आधी चिठ्ठ्यांवर गोळा करा, भाषण ठेवू नका, हार-शाल ठेवू नका. उत्तर मिळालं ते लिहून घ्या, तारखेसह.

२०२५ साली राज्य सरकारनं सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. मला त्याचा आनंद आहे. पण सरकारचा उत्सव झाला म्हणून सरकारला विचारणं थांबलं, असं होऊ नये. ही संध्याकाळ त्यासाठीच मला फार मोलाची वाटते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडवाचे खड्डे बुजवा आणि बुजवल्याचे फोटो महापालिकेला पाठवा. पितृपक्ष संपायच्या आत जमाखर्च फलकावर लावा, प्रत्येक पावतीच्या क्रमांकासह. फुलवाल्याची रोखीतली बिलंसुद्धा चिकटवा. हरकतींसाठी आठ दिवस द्या आणि आलेली प्रत्येक हरकत, तिचं उत्तर, त्याच फलकावर. आमच्या मुलांनी हे केल्यावर पुढच्याच पावसाळ्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून गल्लीतल्या नालेसफाईचं बिल मागवलं. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःचा हिशेब चार लोकांसमोर मांडला की दुसऱ्याचा मागायला संकोच वाटत नाही.

शिल्लक रकमेचं काय करायचं हे कार्यकारिणीनं परस्पर ठरवू नये. सभा बोलवा. आणि पावतीपुस्तकं, परवाने, ठराव, प्रश्नांच्या चिठ्ठ्या, अधिकाऱ्यांची उत्तरं, हे सगळं एका फाइलमध्ये लावून दिवाळीआधी नव्या चिटणिसाच्या ताब्यात द्या, यादीवर दोघांच्या सह्या घेऊन.